मोटारगाडीतील ध्वनियंत्रणेच्या जोडणीतील दोष

मोटारगाडीत रेडिओ, फीत वा तबकडी वाजविणारे यंत्र, विवर्धक (ॲम्प्लिफायर) व ध्वनिक्षेपक बसवून ते गाडीच्या विद्युत् यंत्रणेस जोडताना ज्या चुका होतात, त्यांची कारणे व परिणाम यांचा विचार येथे केला आहे. यांतील बऱ्याच चुकांचा परिणाम केवळ आवाज बिघडण्यापुरता असतो. काहींमुळे मात्र विद्युत् घटमाला (बॅटरी) निकामी होते, विवर्धक जळतो आणि क्वचित प्रसंगी गाडीस आग लागते. घरातील यंत्र बिघडले, तर भिंतीवरील बटण बंद करता येते. गाडीत घटमाला सदैव जोडलेली असते, तिच्यापासून थोड्याच अंतरावर पेट्रोल वा डीझेलच्या नळ्या असतात व सर्व सांगाडा विद्युत् संवाहक असतो. हा फरक ध्यानात न घेता घरगुती सवयीने केलेले काम हे अनेक अपघातांचे मूळ होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : पॉल गॅल्व्हिन यांच्या शिकागो येथील कंपनीने १९३० साली ‘मोटोरोला’ या नावाचा मोटारगाडीतील रेडिओ बाजारात आणला. त्या काळच्या निर्वात नलिकांना गाडीतील घटमालेपेक्षा पुष्कळ अधिक विद्युत् दाब लागत असल्याने निराळ्या कोरड्या घटमाला गाडीत बसवाव्या लागत. एंजिनातील ठिणग्यांचा खरखराट रेडिओत येऊ नये म्हणून ठिणगी प्लगांना रोधक जोडावे लागत. म्हणजे बसविणाऱ्याचे कौशल्य हा प्रारंभापासूनच यंत्राइतका महत्त्वाचा भाग होता. क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांसाठी फिल्को कंपनीने १९५५ मध्ये केवळ ट्रँझिस्टरांवर चालणारा रेडिओ तयार केल्यानंतर उच्च विद्युत् दाबाची अडचण उरली नाही. फोर्ड कंपनीने १९६५ मध्ये फितीवरील संगीताची सोय आपल्या गाड्यांत उपलब्ध केली. भारतात ॲम्बॅसडर, प्रीमियर पद्मिनी व १९८३ मध्ये आलेली मारुती ८०० या गाड्यांपैकी बहुसंख्य रेडिओवाचूनच विकल्या जात आणि हे काम गाडीच्या मालकाच्या ओळखीच्या वायरमनकडे जाई. त्यांच्यातील कित्येकांचे हस्तकौशल्य वाखाणण्याजोगे होते; तथापि पुढे वर्णिलेल्या चुकांपैकी पुष्कळशा त्याच परंपरेतून आजपर्यंत चालत आल्या आहेत.

वितळतार व मुख्य तार : विवर्धकास पुरवठा करणारी मुख्य तार घटमालेच्या धन अग्रापासून निघून एंजिन व प्रवासी-कक्ष यांमधील पोलादी पडद्यातून डिकीपर्यंत जाते. विवर्धकाच्या पेटीवर वितळतार (फ्यूज) असतेच, मग आणखी एक कशाला, असा समज सर्रास आढळतो व तो सर्वांत घातक होय. पेटीवरील वितळतार विवर्धकाचे रक्षण करते. घटमालेपासून तेथपर्यंतच्या चार-पाच मीटर तारेचे रक्षण करणारे मात्र काहीच नसते. पोलादी पडद्यातील भोकाच्या धारदार कडेवर रबरी कडे न बसविता तार ओवल्यास गाडीच्या कंपनांमुळे तारेचे निरोधक आवरण हळूहळू घासले जाते. ते फाटून आतील तांबे पोलादास टेकले की मंडलसंक्षेप (शॉर्ट सर्किट) होतो. गाडीतील शिसे-अम्ल घटमाला अशा वेळी कित्येक शे अँपिअर प्रवाह देऊ शकते. काही क्षणांत तार लाल होते, तिचे प्लॅस्टिक पेटते आणि शेजारचा गालिचा वा आसनाचा फोम ती आग धरतो. ही घटना काम झाल्यावर लगेच न घडता महिन्यांनंतर, कधी वर्षांनंतर घडते. त्यामुळे ती बसविणाऱ्याच्या दृष्टीस पडत नाही आणि चूक पुन्हा होत राहते. यासाठी मुख्य वितळतार घटमालेच्या अग्रापासून सु. ४५ सेंमी.च्या आत असावी आणि तिचा अंक विवर्धकाच्या नव्हे, तर तारेच्या प्रवाहक्षमतेवरून ठरवावा, असा नियम आहे. उडालेल्या वितळतारेच्या जागी जास्त अंकाची बसविणे, किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळून वेळ मारून नेणे, म्हणजे रक्षकासच रजा देणे होय.

तारेची जाडी : तारेच्या निवडीत काटकसर करण्याचा मोह पुष्कळांना होतो. तांब्याची रोधकता १ चौ. मिमी. काटछेदाच्या व १ मी. लांबीच्या तारेस सु. ०·०१७२ ओहम इतकी असते. ५ मी. लांब व ४ चौ. मिमी. काटछेदाच्या तारेचा रोध यावरून सु. ०·०२१५ ओहम येतो. तीतून ४० अँपिअर प्रवाह गेल्यास सु. ०·८६ व्होल्ट दाब तारेतच खर्च होतो आणि सु. ३४ वॉट शक्ती उष्णतेच्या रूपाने गालिच्याखाली बाहेर पडते. तीच तार १६ चौ. मिमी. घेतल्यास हे दोन्ही आकडे चौथाईवर येतात. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते. दिसण्यात ती शुद्ध तांब्याच्या तारेसारखीच असली, तरी तिचा रोध सु. दीडपट असतो, हे विक्रेता सहसा सांगत नाही.

प्रवाहाच्या परतीच्या मार्गाकडे याहूनही दुर्लक्ष होते. गाडीचा सांगाडा घटमालेच्या ऋण अग्रास जोडलेला असल्यामुळे विवर्धकाची काळी तार जवळच्या पत्र्यास जोडतात. पत्र्यावरील रंग हा उत्तम निरोधक असतो, ही साधी गोष्ट येथे विसरली जाते. रंग खरवडून, उघड्या पोलादावर दातेरी चकतीने आवळून व वर गंजरोधक लेप देऊन ही जोडणी केली पाहिजे. आसनपट्ट्याच्या बोल्टचा या कामी कधीही उपयोग करू नये. अपघातात प्रवाशाचा सर्व भार त्या बोल्टवर येतो. (जुन्या ब्रिटिश बनावटीच्या अनेक गाड्यांत धन अग्र सांगाड्यास जोडलेले असे. अशी गाडी हौसेने जतन करणाऱ्याने नवा रेडिओ जोडण्यापूर्वी हे तपासणे अगत्याचे आहे.)

स्मृतीची तार व घटमालेची हानी : आधुनिक यंत्राला पुरवठ्याच्या दोन तारा असतात. पिवळी तार घड्याळ व केंद्रांची स्मृती यांसाठी अखंड पुरवठा देते, तर तांबडी तार किल्ली फिरविल्यावरच सजीव व्हावी अशी योजना असते. किल्लीवरील जोडणी शोधण्याचे श्रम वाचविण्यासाठी दोन्ही तारा एकत्र पिळून घटमालेस जोडल्या, तर यंत्र पूर्णपणे झोपी जात नाही. विवर्धकास चालू होण्याची सूचना देणारी निळी तार अखंड पुरवठ्यास जोडली असताही हेच होते. अशा जोडणीतून अर्धा अँपिअर प्रवाह सतत वाहत राहिला, तर ४५ अँपिअर-तास क्षमतेची घटमाला चार दिवसांच्या आत रिकामी होते. मालक घटमालेला दोष देतो व नवी आणतो. तीही तशीच बसते.

खरखराट व शीळ : एंजिनाच्या गतीबरोबर चढत जाणारी बारीक शीळ हा नव्या जोडणीतील नित्याचा दोष होय. गाडीतील त्रिकला प्रत्यावर्तक जनित्राच्या (अल्टरनेटरच्या) प्रवाहाचे एकदिशीकरण केल्यावरही त्यात सूक्ष्म लहरी उरतात. बारा ध्रुवांच्या जनित्रात एका फेऱ्यात अशा ३६ लहरी उत्पन्न होतात. एंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असता जनित्र पट्ट्यामुळे त्याच्या अडीचपट म्हणजे २,००० फेरे घेत असेल, तर लहरींची कंप्रता १,२०० हर्ट्‌झ येते. एंजिनाची गती तिप्पट झाली की ती ३,६०० हर्ट्‌झ होते. या दोन्ही कंप्रता कानाला चांगल्याच जाणवतात. यंत्र व विवर्धक सांगाड्याच्या भिन्न ठिकाणी जोडलेले असले आणि त्या दोन ठिकाणांच्या विद्युत् दाबांत किंचितही फरक असला, तर संकेताच्या तारेच्या आवरणातून प्रवाह वाहू लागतो व ही लहर संगीतात मिसळते. उपाय म्हणून बहुतेक जण प्रथम गाळक विकत आणतात. खरे म्हणजे आधी काळ्या तारेची जोडणी तपासावी. दोष बहुधा तेथेच सापडतो. संकेताच्या तारा व मुख्य तार गाडीच्या एकाच बाजूने शेजारी शेजारी नेणेही टाळावे.

ध्वनिक्षेपकांची जोडणी : एका ध्वनिक्षेपकाच्या धन व ऋण तारांची अदलाबदल झाल्यास एकाचे पटल पुढे येत असता दुसऱ्याचे मागे जाते आणि खर्जातील स्वर परस्परांना नाहीसे करतात. आवाज येत असतो, परंतु तबल्याचा डग्गा हरवलेला असतो. १·५ व्होल्टचा घट क्षणभर लावून पटल बाहेर येते की आत जाते, हे पाहिल्यास ध्रुवता कळते.

याहून गंभीर चूक जुन्या तारा तशाच वापरण्याची होय. पूर्वीच्या रेडिओंत ध्वनिक्षेपकाची एक तार सांगाड्यास जोडलेली असे. आजच्या यंत्रांत प्रत्येक ध्वनिक्षेपकाची दोन्ही अग्रे विवर्धकाकडून विरुद्ध दिशांनी चालविली जातात. त्यांतील एक सांगाड्यास टेकले, तर यंत्राचा निर्गम-विभाग जळू शकतो. या रचनेमुळेच १४·४ व्होल्ट पुरवठ्यावर ४ ओहमच्या ध्वनिक्षेपकास तत्त्वतः सु. २६ वॉट शक्ती मिळते. जुन्या रचनेत ती ६·५ वॉटच असे. पेटीवर ठळकपणे छापलेला ‘५० वॉट × ४’ हा आकडा तरंगांची शिखरे पूर्णपणे छाटली जाऊन चौरस तरंग होईल तेव्हाचा, म्हणजे ऐकण्यास अयोग्य अशा ध्वनीचा असतो. विवर्धकावरील विवर्धन-नियंत्रणाची खुंटी ही आवाज मोठा करण्याची खुंटी समजून पूर्ण फिरविली, की हीच छाटणी ऐकू येऊ लागते आणि तार स्वरांचे छोटे ध्वनिक्षेपक प्रथम बळी पडतात. ४ ओहमचे दोन ध्वनिक्षेपक समांतर जोडल्यास संरोध २ ओहम होतो, हेही हिशोबात धरावे लागते.

खर्जाच्या प्रत्येक ठोक्यास दिवे मंदावतात, यावर मोठे धारित्र (कपॅसिटर) बसविण्याची टूम आहे. १ फॅराड धारित्राचा दाब १४ वरून १३ व्होल्टवर आला, तर त्यातून १३·५ जूल ऊर्जा मिळते. ५०० वॉट ओढणाऱ्या विवर्धकास ती एका सेकंदाच्या चाळिसाव्या भागापेक्षा फारशी अधिक काळ पुरत नाही. शोभा म्हणून ते ठेवण्यास हरकत नाही. तारा आणि जनित्र अपुरे असतील, तर ते त्यांची जागा घेऊ शकत नाही.

यांत्रिक चुका : डिकीच्या तळाशी लांब स्क्रू मारण्यापूर्वी खाली वाकून पाहणे आवश्यक आहे, इंधनाची टाकी, इंधनाच्या नळ्या व गतिरोधकाच्या नळ्या बऱ्याच गाड्यांत त्याच पत्र्याखाली असतात. खर्जाच्या ध्वनिक्षेपकाची जड पेटी मोकळी ठेवणेही धोक्याचे असते. ताशी ५० किमी. वेगाची गाडी एक-दशांश सेकंदात थांबली, तर २० किग्रॅ. ची पेटी सु. २८० किग्रॅ. वजनाइतक्या बलाने पुढे रेटली जाते.

दरवाजातील ध्वनिक्षेपकाच्या बाबतीत पाण्याचा विचार हवा. काचेच्या फटीतून शिरणारे पावसाचे पाणी दरवाजाच्या पोकळीत उतरून तळाच्या छिद्रांतून बाहेर जावे व आतल्या बाजूस येऊ नये, म्हणून कारखान्यात तेथे प्लॅस्टिकचा पडदा चिकटविलेला असतो. काम करणारा तो फाडतो व पुन्हा चिकटवीत नाही. कोकणातील वा मुंबईतील एका पावसाळ्यात दरवाजाचे अस्तर फुगते, पायाखालचा गालिचा ओला राहतो आणि ध्वनिक्षेपकाचे कागदी पटल सडते. काच पूर्ण खाली घेतल्यावर ती चुंबकास लागत नाही ना, हेही भोक पाडण्यापूर्वीच पाहावे.

नव्या गाड्यांतील प्रश्न : काम सुरू करताना घटमालेचे ऋण अग्र प्रथम सोडवावे व शेवटी जोडावे, हा नियम जुनाच आहे, धन अग्र आधी सोडविताना पान्हा पत्र्यास लागला, तर ठिणगी उडते. एअरबॅग आल्यापासून या नियमास निराळे महत्त्व प्राप्त झाले आहे. भारतात चालकासमोरील एअरबॅग जुलै २०१९ पासून नव्या मोटारगाड्यांत सक्तीची आहे. तिच्या मंडलातील तारांची टोपणे बहुधा पिवळी असतात. सजीव तार शोधण्यासाठी तेथे चाचणी-दिवा लावल्यास त्यातून जाणारा प्रवाह एअरबॅग फुगविण्यास पुरेसा ठरू शकतो. खिडकीवरच्या पडदा-एअरबॅगेच्या पुढून तार नेल्यास ती उघडताना अडते. अलीकडील बऱ्याच गाड्यांत ध्वनियंत्रणा ही मागील कॅमेरा, इशाऱ्याचे ध्वनी व वातानुकूलन यांच्याशी एकाच माहितीवाहक तारांनी जोडलेली असते. तेथे कारखान्याची तार कापून जोड देण्याऐवजी त्या गाडीच्या टोपणास जुळणारे तयार जोडसाधन वापरतात आणि मूळ यंत्र जागीच ठेवून त्याच्या ध्वनिक्षेपकांच्या तारांवरून विवर्धकास संकेत देतात.