बोगद्यातली हवा : चालकाच्या कॉलरपाशी

डिझेलचा धूर मोजायचा तो लोकोचालकाच्या श्वासापाशी. बोगद्याच्या तोंडाशी टांगलेले यंत्र पंखे चालू आहेत की नाहीत एवढेच सांगते. हवेचा झोत लोकोच्याच दिशेने आणि तिच्याच वेगाने वाहत असला, तर इंजिनाचा धूर चालकाची पाठ सोडत नाही. म्हणून पंप कमरेच्या पट्ट्याला आणि फिल्टरची डबी कॉलरला, नाकापासून ३० सेंटिमीटरच्या आत लावतात. पंप मिनिटाला १.७ लिटर हवा ओढतो. ८ तासांच्या पाळीत ती ८१६ लिटर होते, एक घनमीटरसुद्धा नाही. युरोपीय संघाची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम मूलद्रव्यरूप कार्बन अशी आहे. ती पुरती गाठली तरी फिल्टरवर जेमतेम ४१ मायक्रोग्रॅम कार्बन जमतो.

इतका कार्बन नुसत्या वजनाने ओळखता येत नाही, कारण त्यासोबत दगडाची धूळही असते. क्वार्ट्झ तंतूंच्या फिल्टरचा तुकडा आधी हेलियममध्ये तापवतात. सेंद्रिय कार्बन उडून जातो. मग ऑक्सिजन सोडून उरलेली काजळी, म्हणजेच मूलद्रव्यरूप कार्बन, जाळतात आणि तिचा हिशेब वेगळा ठेवतात. चालकाने पाळीत ओढलेली बिडी सेंद्रिय कार्बनात मोडते, काजळीच्या आकड्याला फारसा धक्का लावत नाही. अमेरिकेतील धातू व अधातू खाणींची १६० मायक्रोग्रॅमची मर्यादा मात्र एकूण कार्बनची आहे. तिथे बिडीही मोजली जाण्याचा धोका असतो.

जोगेश्वरीच्या एका वाचकाने विचारले आहे की मुंबईच्या कातळात ही पद्धत चालेल का. प्रश्न मोलाचा आहे. जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्यालगतच्या आरे स्थानकापासून कफ परेडपर्यंतची मेट्रो-३ बव्हंशी बेसाल्ट आणि ब्रेक्शियातून खोदली गेली. बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटप्रमाणे कॅल्साइटही भरलेले असते. कॅल्साइट म्हणजे कार्बोनेट. तापवल्यावर त्यातलाही कार्बन बाहेर पडतो. पण तो हेलियमच्या टप्प्यातच सुटतो आणि बहुतेक सेंद्रिय कार्बनाच्या खात्यात जातो. शिवाय डबीतील गाळणी साधारण १ मायक्रॉनहून मोठे कण अडवते. डिझेलची काजळी त्याहून बारीक, तर दगडाची धूळ बरीचशी जाडी असते. तरीही शंका राहिली तर फिल्टरला हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ देऊन कार्बोनेट काढून टाकता येते. मुंबईच्या बोगद्यांत काजळीचाच आकडा धरावा, एकूण कार्बनचा नव्हे.

भंडारा जिल्ह्यातील चिकला येथील भूमिगत मँगनीज खाणीसारख्या जागीही हेच तत्त्व लागू पडते. नागपूरजवळच्या सावनेरच्या कोळसा खाणीत मात्र अडचण आहे: कोळशाची धूळ स्वतःच कार्बन. गाळणीतून निसटलेला तिचा बारीक अंश काजळीत मिसळतो. अशा जागी डिझेल यंत्र बंद असतानाचा नमुना वेगळा घेऊन ताडून पाहावा लागतो.