प्रयोगशाळेतला जुना कॉम्प्युटर व्हर्च्युअल मशीनमध्ये कसा न्यायचा?

बऱ्याच प्रयोगशाळांत कोपऱ्यात विंडोज एक्सपीचा एक कॉम्प्युटर असतो. त्याला कुणी हात लावायचा नाही, असा अलिखित नियम असतो, कारण एखाद्या उपकरणाचं सॉफ्टवेअर फक्त त्याच्यावरच चालतं. आधीच्या दोन-तीन पीएचडींचा कच्चा डेटाही त्याच सॉफ्टवेअरच्या खास फॉरमॅटमध्ये पडलेला असतो. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला. उद्या हा कॉम्प्युटर बंद पडला, तर पेन ड्राइव्हवर फाइल्स असतील, पण त्या उघडणार कशात?

संशोधनात येताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. डेटा, तो वाचणारा प्रोग्राम आणि तो प्रोग्राम ज्यावर चालतो ती सिस्टीम, या तिन्हींचा बॅकअप लागतो. व्हर्च्युअल मशीनमुळे हे घरच्या लॅपटॉपवरही जमतं.

आधी संकल्पना समजून घेऊ

व्हर्च्युअल मशीन ही नवीन कल्पना नाही. आयबीएमने १९७२ मध्येच आपल्या मेनफ्रेमसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली आणली होती. तत्त्व सोपं आहे. आतल्या सिस्टीमच्या बहुतेक सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालतात. डिस्क, नेटवर्क किंवा मेमरीच्या व्यवस्थेला हात घालणारी सूचना आली, की हायपरवायझर मध्ये पडतो आणि खऱ्या हार्डवेअरऐवजी एक सोंग पुढे करतो. एम्युलेटर मात्र प्रोसेसरचंही सोंग घेतो, म्हणून तो हळू चालतो. तुमचा जुना कॉम्प्युटर इंटेल किंवा एएमडीचा असेल आणि लॅपटॉपही त्याच जातीचा असेल, तर व्हर्च्युअल मशीन पुरतं. वेगळ्या जातीचा प्रोसेसर असेल, तर एम्युलेटर लागतो.

पायरी १: लिहून काढा

कॉम्प्युटर चालू आहे तोवर कोणता प्रोग्राम, कोणती आवृत्ती, लायसन्स की, उपकरण कोणत्या कॉम पोर्टला जोडलंय, कॅलिब्रेशनच्या फाइल्स कुठे आहेत, हे सगळं वहीत उतरवा. घड्याळही तपासा. मदरबोर्डवरचा बटण सेल संपला असेल, तर तारीख मागे गेलेली असते आणि फाइल्सवरच्या तारखांवर भरवसा ठेवता येत नाही. गाइडची परवानगी घेतल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर उचलू नका!

पायरी २: डिस्कची इमेज घ्या

फाइल्स कॉपी करून भागत नाही, अख्खी डिस्क सेक्टरनुसार उतरवायची. डिस्क काढून आयडीई ते यूएसबी अडॅप्टरने लिनक्सच्या कॉम्प्युटरला जोडा आणि डीडीरेस्क्यू वापरा. हा प्रोग्राम आधी चांगला भाग वाचून घेतो आणि खराब सेक्टरकडे नंतर वळतो. कुठवर वाचलं याची नोंद तो एका मॅप फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. इनपुट आणि आउटपुटची नावं दोनदा वाचून मगच एंटर दाबा. ती उलटी पडली, तर मूळ डिस्कच पुसली जाईल. इमेजचा एसएचए-२५६ हॅश लिहून ठेवा आणि पुढचं सगळं काम इमेजच्या प्रतीवर करा.

पायरी ३: बूट करा

व्हर्च्युअलबॉक्स किंवा क्यूईएमयूच्या टूलने इमेज योग्य फॉरमॅटमध्ये बदला. एक्सपी सुरू होताना निळा स्क्रीन येऊन शेवटी ७बी असा कोड दिसला, तर घाबरू नका. सिस्टीमला बूट डिस्कपर्यंत पोचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. बहुधा डिस्क कंट्रोलर बदलल्यामुळे असं होतं. सेटिंगमध्ये साटाऐवजी आयडीई निवडून बघा. हार्डवेअर बदललेलं दिसल्यामुळे एक्सपी पुन्हा ॲक्टिव्हेशन मागू शकतं, तेव्हा लायसन्सचा प्रश्न संस्थेच्या नियमांनुसार सोडवा.

पायरी ४: नेटवर्क बंद

मशीन पहिल्यांदा सुरू करण्याआधीच नेटवर्क कार्ड काढून टाका. ब्रिज्ड मोडमध्ये ते संस्थेच्या नेटवर्कवर खऱ्या कॉम्प्युटरसारखंच उभं राहतं. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरला, तो विंडोजच्या जुन्या फाइल शेअरिंगमधल्या त्रुटीतूनच. फाइल्सची देवाणघेवाण आयएसओ इमेजने करा. अगदीच गरज पडली तर होस्ट-ओन्ली मोड वापरा, त्यात मशीन फक्त तुमच्या लॅपटॉपशी बोलतं.

काय जमत नाही?

सीरियल पोर्टवरचं उपकरण यूएसबी कन्व्हर्टरने बहुतेक वेळा जोडता येतं. पण आयएसए स्लॉटमधलं डेटा घेणारं कार्ड व्हर्च्युअल मशीनमध्ये जात नाही. पॅरलल पोर्टला लावायचे डोंगलही त्रास देतात. अशा वेळी मोजमाप जुन्या कॉम्प्युटरवर आणि विश्लेषण व्हर्च्युअल मशीनमध्ये, अशी वाटणी करा.

सोर्स कोड आहे, तर नव्या मशीनवर पुन्हा कंपाइल का करू नये? जरूर करा, पण आकडे जुळतील असं गृहीत धरू नका. ३२ बिट लिनक्सवर जीसीसी दशांशाची गणितं सहसा ८० बिटच्या एक्स८७ रजिस्टरमध्ये करायचा, तर ६४ बिटवर तो ती एसएसई२ रजिस्टरमध्ये ६४ बिट अचूकतेने करतो. एका बेरजेत फरक नगण्य असतो. लाखो वेळा फिरणाऱ्या सिम्युलेशनमध्ये तो वाढत जाऊ शकतो. जुना प्रोग्राम व्हर्च्युअल मशीनमध्ये जसाच्या तसा चालवला, तर तुलनेला आधार मिळतो.

शेवटची चाचणी चुकवू नका. जुन्या थीसिसमधला एक आलेख निवडा, त्याची मूळ फाइल व्हर्च्युअल मशीनमध्ये उघडा आणि शिखरं त्याच जागी येतात का ते बघा. जुळली, की इमेज, हॅश आणि वहीतल्या नोंदी दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. हे काम दोन-तीन दिवसांचं आहे, आणि जुना कॉम्प्युटर अजून सुरू होतोय तोवरच ते करून घेतलेलं बरं.