घरचा सफाई रोबो (भाग ४) : झाडू किती, वारा किती?

मागच्या भागात बॅटरी ठरली. १८६५० मापाचे तीन लिथियम सेल, प्रत्येकी ३.७ व्होल्ट आणि अडीच अँपिअर-तास. एकूण साधारण २८ वॉट-तास. एवढ्या शिदोरीवर कचरा उचलायचा कसा, ते आज ठरवू.

भिंतीच्या सॉकेटवर चालणारा व्हॅक्यूम क्लीनर हजार वॉट सहज खातो. आपण ४० वॉटचा पंखा लावला, तरी चाकं हिशेबात न धरताही बॅटरी चाळीस मिनिटांत आटते. २००२ साली अमेरिकेतल्या आयरोबॉट कंपनीने रूम्बा बाजारात आणला, तेव्हा तिच्या अभियंत्यांनाही हीच कंजुषी करावी लागली होती. त्यांनी मुख्य काम फिरत्या ब्रशवर सोपवलं आणि उरलेली बारीक धूळ खेचायला एका अरुंद फटीमागे छोटा पंखा बसवला. थोडक्यात, जगभर गाजलेलं हे यंत्र आधी झाडू-सुपली आहे, मग व्हॅक्यूम.

आपल्याला तर हे जास्तच सोयीचं. सातारा-सांगलीकडच्या घरांत शहाबादी, कोटा नाहीतर टाइल; गालिचा क्वचितच. प्रश्न आहे तो धुळीचा, कारण ती एका जातीची नाही. कास-महाबळेश्वरकडची जांभ्याची तांबडी माती आणि चपलांबरोबर आलेला मुरूम ब्रश मुकाट उचलतो. कराडपासून वाळवा-मिरजेपर्यंतच्या कृष्णाकाठची काळी माती मात्र वेगळी. तिच्यातले चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनपेक्षाही लहान, आणि ओल लागली की फुगून चिकटणारे. त्यात गळीत हंगामात साखर कारखान्याच्या धुराड्यातून उडालेली चिपाडाची काजळी! ती अंगणात, गच्चीत, उघड्या खिडकीतून थेट देवघरापर्यंत येते. ब्रशखाली चिरडली की फरशीवर काळा फराटा उठतो. म्हणून ब्रश मऊ आणि संथ हवा, आणि काजळीसाठी पंखाही हवाच.

पंखा निवडताना जुन्या कॉम्प्युटरचा चपटा पंखा हाताशी असतो, म्हणून तोच लावायचा मोह होतो. लावू नका. तो मोकळ्यात भरपूर वारा देतो, पण समोर गाळणी आली की गुदमरतो, कारण त्याला दाब निर्माण करता येत नाही. मधून हवा घेऊन कडेने फेकणारा ब्लोअर घ्या. आता हिशेब. ब्लोअर सेकंदाला १० लिटर हवा ओढतोय असं धरू. फट २० सेंटिमीटर लांब आणि १ सेंटिमीटर रुंद ठेवली, तर हवेचा वेग सेकंदाला ५ मीटर. तीच फट १५ सेंटिमीटर लांब आणि ८ मिलिमीटर रुंद केली, तर तो ८ मीटरच्या वर जातो. उसाला पाणी देताना पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, तसंच. मात्र फट फार आवळली की अडथळा वाढून हवाच कमी येते. गाळणी कचऱ्याच्या डब्यानंतर, पण ब्लोअरच्या आधी बसवा, आणि ती सहज काढून झटकता आली पाहिजे. काळ्या मातीच्या गावात ती रोज झटकावी लागेल.

सुटे भाग नवेच हवेत असं नाही. बिघडलेल्या कार-क्लीनरचा ब्लोअर भंगारात मिळतो. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांतून छोटी जीप उभी केली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं आणि पुढच्याच महिन्यात लोहारांना बोलेरो मिळाली. बातम्यांत बोलेरो गाजली, मला मात्र त्या जीपची किक आवडली. दुचाकीसारखी किक मारून गाडी चालू होत असेल, तर सेल्फ-स्टार्टरचा खर्च करायचा कशाला? आपल्या रोबोतही प्रत्येक भागाला असाच जाब विचारायचा.

सांगाडा पक्का चिकटवण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना करून चाचणी घ्या. वीस ग्रॅम रांगोळी मोजून एक चौरस मीटर फरशीवर पसरा, रोबो फिरवा आणि डब्यात आलेली रांगोळी तोला. मग हेच चुलीच्या चाळलेल्या राखेवर करा. रांगोळी राहिली तर ब्रश जमिनीपासून उंच आहे. राख राहिली तर आधी फट आणि डब्याचे सांधे तपासा, बहुतेक वेळा हवा तिथूनच गळते.

पुढच्या आठवड्यात उंबरठा : चाक केवढं असलं की रोबो तो ओलांडेल, आणि काही घरांत त्याने तो ओलांडूच नये याची सोय कशी करायची.