कमावत्या आश्रिताची सत्तर वर्षे

जो विद्यार्थी सकाळी महाविद्यालयात व्याख्याने ऐकतो आणि संध्याकाळी एखाद्या उपाहारगृहात तासाच्या मजुरीवर राबतो, त्याला कमावता म्हणावे की आश्रित, हा प्रश्न घरात मायेने सुटतो. अमेरिकेच्या प्राप्तिकराच्या कायद्याला मात्र तो आकड्यांनी सोडवावा लागला, आणि न्याय्य उत्तरापर्यंत पोहोचण्यास त्याला फार काळ लागला.

१९१७ साली महायुद्धाच्या खर्चापायी कराचा बोजा वाढला तेव्हा आश्रितामागे २०० डॉलरांची सूट प्रथम मान्य झाली; परंतु ती अठरा वर्षांखालील मुलांपुरती आणि स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ असलेल्यांपुरतीच होती. १९४४ च्या कायद्याने वयाची अट काढली खरी, पण तिच्या जागी मिळकतीची मर्यादा आली, प्रथम ५०० आणि पुढे ६०० डॉलरांची. तिच्यामुळे मुलाची फी, अन्नवस्त्र व निवारा यांचा भार वाहणाऱ्या बापाची ६०० डॉलरांची संपूर्ण सूट त्या मुलाच्या एका जादा डॉलराने बुडे, आणि होतकरू मुलाने सुटीतले काम मध्येच सोडून घरी बसणे हेच कुटुंबाच्या हिताचे ठरे. श्रमाला दंड करणारी अशी तरतूद मला नेहमीच अन्यायाची वाटत आली आहे.

१६ ऑगस्ट १९५४ रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सहीने जी नवी करसंहिता अंमलात आली, तिने हा अन्याय दूर केला. मूल एकोणीस वर्षांखालील असो वा वर्षातील निदान पाच महिने पूर्णवेळ शिकणारे असो, त्याच्या मिळकतीची मर्यादा उठली. निर्वाहाचा निम्म्याहून अधिक भार पालकाने उचलला म्हणजे झाले, आणि शिष्यवृत्ती त्या हिशेबात धरायची नव्हती. अर्जन आणि पोषण या दोन भिन्न गोष्टी आहेत हे त्या संहितेने मान्य केले, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातले तेच सर्वांत शहाणपणाचे पाऊल होय. मुलाने मिळवलेले नव्हे, तर स्वतःच्या निर्वाहावर खर्चिलेलेच द्रव्य मोजायचे. बँकेत शिल्लक पडलेले मोजायचे नाही. निर्वाहाचा वार्षिक खर्च २०,००० डॉलर असता १२,००० मिळवून ५,००० साठवणाऱ्या मुलाचा वाटा ७,००० च ठरतो, आणि तो आश्रितच राहतो. मात्र त्याने स्वतःच्या नावे कर्ज काढून ते शिक्षणात घातले, तर ती रक्कम त्याच्याच खात्यावर पडते.

१९८६ च्या सुधारणेने पालक व विद्यार्थी या दोघांनाही मिळणारी दुहेरी सूट बंद केली, आणि १९८९ पासून विद्यार्थ्यासाठी चोवीस वर्षांखालील वयाची अट आली. २००५ पासून कसोटीच उलटली: पालकाने निम्म्याहून अधिक भार उचलला काय हे पाहण्याऐवजी मुलाने स्वतःचा तितका भार उचलला काय, हे पाहू लागले. वसतिगृहातले वास्तव्य घरचेच धरतात ही गोष्ट मला विशेष हृद्य वाटते, कारण शिक्षणासाठी दूर गेलेले मूल घराबाहेर गेलेले नसते हे आपल्या आयांना कोणी सांगावे लागत नाही.

२०१८ पासून सूट शून्यावर आली, तिच्या जागी ५०० डॉलरांचे क्रेडिट उरले, आणि महामारीत तर आश्रितपणच विद्यार्थ्याच्या मुळावर आले. २०२० च्या वसंतात सरकारने प्रौढांना १,२०० आणि सतरा वर्षांखालील मुलांमागे ५०० डॉलर दिले. महाविद्यालयीन विद्यार्थी मात्र मूल ठरण्यास मोठा आणि प्रौढ ठरण्यास परावलंबी, म्हणून स्वतः मजुरी करणारा असूनही रिक्तहस्त राहिला. वर्षअखेरच्या मदतीतही तो वगळला गेला, आणि मार्च २०२१ मध्ये प्रत्येक आश्रितामागे १,४०० डॉलर मंजूर झाले तेव्हाच त्याची दखल घेतली गेली.

आमच्या न्यू जर्सीतल्या घरी माझ्या कन्येने पहिल्या नोकरीचे विवरणपत्र स्वतः भरले, तेव्हा ‘दुसरे कोणी तुम्हांला आश्रित दाखवू शकते काय’ या प्रश्नापुढे तिने ‘नाही’ असे लिहिले, कारण ती आता कमावती होती. आणि तिचा सामाजिक सुरक्षा क्रमांक तिच्या विवरणपत्रात आधीच नोंदला गेल्यामुळे माझे विवरणपत्र संगणकाने परत केले. प्रश्न ‘दाखवले आहे काय’ असा नसून ‘दाखवू शकते काय’ असा आहे, हे मी तिला दूरध्वनीवर समजावून सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली, आणि मग म्हणाली, “बाबा, पण पुस्तकांचे पैसे मीच दिले होते.”