काका, माझा फोटो कुठंय?

जून २०२४ मधली गोष्ट. आमच्या मराठी वर्गाचा वार्षिकांक छापून आला होता. सौदी अरेबियातल्या अल खोबरमध्ये आम्ही काही पालक मिळून दर शनिवारी संध्याकाळी हा वर्ग भरवतो. कधी याच्या घरी, कधी त्याच्या. पटावर २८ मुलं. वर्षातून एकदा त्यांचे निबंध, चित्रं आणि फोटो यांचा ४० पानी अंक काढतो. मी पडलो कॉम्प्युटर इंजिनिअर, त्यामुळे ‘कॉम्प्युटरचंच तर काम आहे, तूच कर,’ असं म्हणत चार वर्षांपूर्वी हे संपादकपद माझ्या गळ्यात पडलं.

अंक हातात आल्यावर मुलं आपापलं पान शोधत होती, एकमेकांना दाखवत होती. सातवीतल्या एका मुलीनं अंक दोनदा चाळला आणि माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, ‘‘काका, माझा फोटो कुठंय?’’

फोटो काढला त्या शनिवारी ती तापानं झोपून होती. तिनं निबंध व्हॉट्सॲपवर पाठवला होता, तो माझ्या फोनमध्येच राहून गेला. ४० पानांत तिचं साधं नावही नव्हतं. मी ओशाळून म्हणालो, ‘‘पुढच्या वर्षी नक्की हं.’’ ती म्हणाली, ‘‘पुढच्या वर्षी आम्ही इथं नाही. बाबांचं फायनल एक्झिट झालंय.’’

इथं राहणाऱ्यांना या दोन शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. भारतातल्या वाचकांसाठी सांगतो. इथला आपला मुक्काम नोकरीवर आणि इकाम्यावर, म्हणजे रहिवासी परवान्यावर अवलंबून. नोकरी संपली की फायनल एक्झिट व्हिसा निघतो आणि ठरावीक दिवसांत बिऱ्हाड गुंडाळावं लागतं. त्यात जुलै २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे दरमहा १०० रियाल शुल्क सुरू झालं. दरवर्षी वाढत वाढत जुलै २०२० मध्ये ते ४०० वर गेलं. बायको आणि दोन मुलं सोबत असतील तर महिन्याला १२०० रियाल नुसते त्याचे. त्या काळात अनेकांनी जड मनानं कुटुंब गावी पाठवलं. मुलं अशी मधल्याच इयत्तेतून उठून जातात.

साताऱ्यातली माझी शाळा अजून तिथंच आहे. सुट्टीत गेलो की फाटकातून डोकावता येतं, एखादे सर ओळख देतात. इथून गेलेल्या मुलाला परत येऊन डोकावायला काय राहतं? वर्ग कुणाच्या तरी हॉलमध्ये भरलेला, आणि त्या घरातही आता दुसरंच कुणीतरी राहत असतं. हाती उरतो तो हा अंक. आणि त्यातूनच मी एका मुलीला वगळलं होतं.

हा सल मनात असतानाच पुण्यात विश्व मराठी संमेलन भरणार असल्याचं कळलं. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी २०२५, फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात. पहिले दोन दिवस शुक्रवार-शनिवार, म्हणजे आमची इथली साप्ताहिक सुट्टीच. रविवारची एक रजा टाकली की भागत होतं. तरी मी कां-कूं करत होतो. भाषणं तर यूट्यूबवरही ऐकता येतात. बायको म्हणाली, ‘‘ऑफिसच्या कॉन्फरन्सला रियाधला पळतोस, तेव्हा नाही हे सुचत!’’ खरंच होतं. रियाधला २०२२ पासून ‘लीप’ नावाची मोठी तंत्रज्ञान परिषद भरते. तिथलं व्यासपीठावरचं फारसं लक्षात राहत नाही. चहाच्या रांगेत कुणीतरी ‘आम्हीही इथंच अडकलो होतो,’ म्हणून सांगतो, ते मात्र परत आल्यावर उपयोगी पडतं.

पुण्यातही तसंच झालं. पुस्तकांच्या स्टॉलपाशी एक बाई भेटल्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमधून निवृत्त झालेल्या. २२ वर्षं शाळेचा वार्षिकांक त्यांच्याकडे होता. पिशवीत जुने अंक होते, काही तर हस्तलिखित. मी मोठ्या उत्साहानं माझा गुळगुळीत कागदावरचा अंक पुढे केला. वाटलं, छपाईचं कौतुक करतील. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, ‘‘पट कुठंय?’’

‘‘कसला पट?’’

‘‘अहो, हजेरीपट. अंकाचं काम सुरू करताना मी आधी वर्गाचा पट उतरवून घ्यायची. मूल पानावर आलं की त्याच्या नावापुढे पान क्रमांक टाकायचा. फोटो, लेखन, चित्र, काहीही असो. ज्याच्यापुढे रकाना मोकळा, त्याच्याकडे आपण जायचं. तो आपल्याकडे येत नाही. मागच्या बाकावरचं पोर कधी येतं का लेख घेऊन?’’

मी गप्प झालो. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला टेस्ट कव्हरेज म्हणतो. लिहिलेल्या कोडची कुठली ओळ तपासायची राहिली, याचा हिशोब कॉम्प्युटर देतो आणि तो पाहिल्याशिवाय आम्ही काम पुढे पाठवत नाही. रोज ऑफिसात हे करणाऱ्या मला २८ मुलांची साधी यादी करायचं सुचलं नव्हतं.

मग मी त्यांना फोनमध्ये राहून गेलेला तो निबंध वाचून दाखवला. ‘आमच्या बिल्डिंगखालचा बकाला’ असं त्याचं नाव. मुलीनं लिहिलं होतं, की खालच्या बकाल्यातले मलयाळी काका तिला हिंदीत हाक मारतात, ती मराठीत उत्तर देते आणि हिशोब मात्र दोघं अरबीत करतात. मी म्हणालो, ‘‘छापताना बकालाचं किराणा दुकान करावं लागेल. इतर मुलांच्या लेखांत मी तसंच केलंय.’’

‘‘का?’’ बाईंनी विचारलं. ‘‘आमच्या मुलांच्या निबंधात खळं येतं, पाखाडी येते. ते मी पुण्यासारखं करून छापलं असतं तर त्यांचं काय उरलं असतं? ऱ्हस्व-दीर्घ सुधारा. शब्द त्यांचेच राहू द्यात.’’

नुसतं मीच घेत होतो असंही नाही. त्यांच्या शाळेचे अलीकडचे अंक जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडले की मजकुराची अगम्य खिचडी व्हायची. मजकूर युनिकोडमध्ये ठेवला की तो कुठेही तसाच का दिसतो, आणि पानं लावताना जोडाक्षरं तुटली तर बहुतेक वेळा दोष सॉफ्टवेअरच्या सेटिंगचा कसा असतो, हे मी तिथंच बाकावर बसून लॅपटॉपवर दाखवलं. बघता बघता आणखी तिघं जमली. एक मस्कतची, एक बडोद्याची, एक नाशिकची. सगळीच कुठल्या ना कुठल्या शाळेचा किंवा मंडळाचा अंक एकहाती रेटणारी. मस्कतच्या ताईंनी मुलांच्या फोटोंसाठी पालकांची लेखी परवानगी घ्यायला सांगितलं. सौदीतही व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा सप्टेंबर २०२३ पासून लागू आहे. ऑफिसात त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या मला घरच्या अंकात तो आठवला नव्हता!

परत आल्यावर थोडी शोधाशोध केली. अमेरिकेतल्या शाळांत वार्षिकांकाचा सल्लागार ही एका शिक्षकावर सोपवलेली रीतसर जबाबदारी असते. शालेय अंकांसाठी काम करणारी त्यांची राष्ट्रीय संस्था १९२१ पासून चालू आहे. वर्षातून दोनदा अधिवेशनं भरतात, मुलं आणि शिक्षक आपापले अंक घेऊन जातात आणि जाणकारांकडून त्यातल्या चुका काढून घेतात. आपल्याकडेही हे काही परकं नाही. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकारानं १८७८ मध्ये पुण्यात पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं, ते लिहित्या माणसांनी एकत्र यावं म्हणूनच. आपण मात्र संमेलन म्हटलं की मांडव, मानपान आणि वाद एवढंच धरून बसतो. वार्षिकांक काढणारी माणसं त्या गर्दीत असतात, पण एकमेकांना सापडत नाहीत. मला त्या भेटल्या तो निव्वळ योगायोग. म्हणून सांगतो, तुम्ही कुठल्याही वर्गाचा, मंडळाचा अंक सांभाळत असाल तर पुढच्या संमेलनाला जरूर जा. आणि जाताना आपला अंक पिशवीत घाला, विशेषतः ज्यात चूक झालीय तो. चांगला अंक दाखवला की लोक ‘छान’ म्हणून पुढे जातात. चुकलेला दाखवला की थांबून बोलतात.

यंदाच्या अंकाच्या कामात माझ्या टेबलावर पहिल्यांदाच पट होता. मुलं २६ झाली होती, कारण आणखी काही घरं परतली. प्रत्येक नावापुढे निदान तीन पान क्रमांक पडल्याशिवाय अंक छापायला द्यायचा नाही, असं ठरवलं. शेवटचे दोन रकाने भरायला दोन मुलांच्या घरी जावं लागलं. त्यातल्या एकानं दाराआडूनच सांगितलं, की तो फक्त उंटांची चित्रं काढतो. मग अंकात एक पान उंटांचं झालं.

पटाच्या तळाशी मी सत्ताविसावं नाव लिहिलं, त्या मुलीचं. तिच्या आईला फोन करून फोटो मागवला, परवानगी घेतली. ‘आमच्या बिल्डिंगखालचा बकाला’ पहिल्याच पानावर छापला, एकही शब्द न बदलता. सुट्टीवर निघालेल्या एका मित्राच्या सामानातून अंक कोल्हापूरला तिच्या घरी पोहोचवला.

चार दिवसांनी तिचा मेसेज आला. ‘काका, अंक मिळाला. तुम्ही इयत्ता सातवी छापलंय. मी आता आठवीत आहे.’

मी कपाळाला हात लावला. पुन्हा चूक! तेवढ्यात दुसरा मेसेज आला. ‘पण असू दे. तिथं मी सातवीतच होते.’