विरजणातले जिवाणू आणि आपल्या पेशी

संगमनेरच्या दूधपट्ट्यात रात्री विरजण लावले की सकाळी दही तयार! जिवाणू भराभर दुप्पट होतात. प्रत्येक विभाजनाआधी डीएनएची नक्कल होते. जिवाणूचा डीएनए बहुधा एकच, गोलाकार. नक्कल एकाच ठिकाणी सुरू होऊन दोन्ही दिशांना धावते, आतड्यातल्या ई. कोलायमध्ये ती सुमारे ४० मिनिटांत संपते. आपल्या पेशीत ४६ लांब गुणसूत्रे आणि वेग कमी. म्हणून काम हजारो ठिकाणी सुरू होते, तरी सुमारे ८ तास लागतात. नक्कल करणारी विकरेही वेगळी. सिप्रोफ्लॉक्सासिन जिवाणूंचे ‘गायरेज’ विकर अडवते. आपल्या पेशीकेंद्रकात ते नसतेच. मात्र गोळ्यांचा गैरवापर झाला, तर चिवट जिवाणू उरतात आणि त्यांच्याच नकला वाढतात. म्हणून आम्ही शिक्षक पालकांना सांगतो : अशा गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, मध्येच सोडूही नका.