काळा पडलेला दाणा धुऊन, भाजून खाल्ला तर चालतो का?

परतीचा पाऊस लांबला की आमच्या पाचोऱ्यात हा प्रश्न दवाखान्यात हमखास येतो. एका मावशींनी पिशवीतून मक्याचे दाणे काढून टेबलावर ठेवले. टोकाला हिरवट भुकटी. "डॉक्टरसाहेब, धुतले, उन्हात वाळवले. आता भाकरी केली तर चालेल ना? फेकायला जीव होत नाही."

जीव होत नाही हे खरंच. तरी उत्तर 'नाही' असंच आहे.

बुरशी वेगळी आणि तिचं विष वेगळं. तव्यावर बुरशी मरते. पण मका, शेंगदाण्यावर वाढणारी अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी दाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. ते भाजल्याने, शिजवल्याने पुरतं नष्ट होत नाही. धुतल्याने वरची भुकटी जाते, आत मुरलेलं विष राहतं.

पोटात गेल्यावर हे विष यकृतात पोहोचतं. नको असलेली रसायनं बदलून बाहेर काढणं हे यकृताचं कामच. पण इथे उलटं होतं. यकृत त्याचं रूप बदलायला जातं आणि मधल्या टप्प्यावर मूळ विषापेक्षा घातक पदार्थ तयार होतो. तो पेशीतल्या डीएनएला चिकटतो. ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ त्यातला काही भाग निकामी करतो, मात्र कुपोषित शरीरात त्याचाच तुटवडा असतो. मात्रा मोठी असेल तर यकृताचं प्रथिनं बनवण्याचं काम मंदावतं, चरबी साचते, कावीळ होते, पोटात पाणी भरतं. थोडं थोडं वर्षानुवर्षे पोटात गेलं तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. हिपॅटायटिस बी असलेल्यांना तो कितीतरी पट जास्त. म्हणून बाळाची ही लस चुकवू नका.

हे पुस्तकी नाही. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात अवकाळी पावसाने मका भिजला. गरीब आदिवासी कुटुंबांनी तोच आठवडेच्या आठवडे खाल्ला. ३९७ जण आजारी पडले, शंभराहून अधिक दगावले. त्याच घरातलं अन्न खाणारी कुत्रीसुद्धा मेली.

घाबरून पोतंभर धान्य टाकू नका. काळे, सुरकुतलेले, किडके दाणे निवडून काढा. शेंगदाणा खवट किंवा कडू लागला तर थुंका, कूट करून लपवू नका. साठवण्याआधी दाणा दाताखाली कटकन फुटेल इतका वाळवा आणि पोती जमिनीवर नको, फळीवर ठेवा. मात्र सगळ्याच दाण्यांना बुरशीचा वास येत असेल तर निवडून भागणार नाही.

डोळे पिवळे दिसले, पोट फुगलं, पायावर सूज आली तर लगेच दाखवा. कावीळ बहुतेक वेळा दूषित पाण्याने, इतर विषाणूंनी किंवा दारूनेच होते, त्यामुळे तपासणी आधी. झाडपाल्यात दिवस घालवू नका.

मावशी उठता उठता म्हणाल्या, "मग म्हशीला घालते." तेही नको. बुरसटलेला मका किंवा सरकीची ढेप खाल्लेल्या जनावराच्या दुधात या विषाचंच दुसरं रूप उतरतं. उकळल्याने ते जात नाही, आणि ते दूध घरातल्या लहानग्यांच्याच पेल्यात येतं.